माहेरचा अर्थ

माणूस संशय घेण्यासारखाच होता, असं मी आजही म्हणते. आमच्या घरात मला संशयी म्हणतात. भाजीवाल्यानं स्वतःहून कोथिंबीर घातली तरी मी पिशवी उघडून बघते, हे खरं आहे. पण या माणसाच्या बाबतीत माझ्या स्वभावाला दोष देऊ नये. आपण उत्तर द्यायला उभं राहावं आणि समोरच्यानं चष्मा काढून खिशात ठेवावा, याचा अर्थ काय घ्यायचा?

सर तसंच करायचे. वाचताना चष्मा, फळ्यावर लिहिताना चष्मा, आणि विद्यार्थी बोलायला लागला की चष्मा खिशात. मग डोळे बारीक करून आपल्या डोक्याच्या जरा वर कुठेतरी बघत राहायचे. एकदा कुणीतरी कारण विचारलं. "चेहरा दिसला की उत्तर बरोबर वाटायला लागतं," सर म्हणाले. वर्ग हसला. मी हसले नाही. चेहरे सगळ्यांचे नको होते की काही ठरावीक लोकांचे, हे मला तेव्हा ठरवता येईना.

आमची संस्था सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. प्राणायामाच्या तासाला खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज यायचा आणि सगळ्यांचा श्वास एकदम अडकायचा. योगशिक्षकाचा वर्षभराचा अभ्यासक्रम. आसनं, श्वसन, शरीरशास्त्र शिकवायला वेगवेगळी माणसं होती. सर फक्त शब्द शिकवायचे. यम, नियम, चित्त, वृत्ती, क्लेश, जे जे संस्कृत शब्द योगात येतात त्यांचे अर्थ. शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर.

त्यांना स्वतःला एकही आसन येत नाही अशी बोलवा होती. निदान मी तरी त्यांना खुर्चीखेरीज कशावर बसलेलं पाहिलं नाही. सतरंजीवर बसायचा आग्रह झाला की म्हणायचे, "खाणावळीबाहेर पाटी रंगवणाऱ्याला पोळ्या लाटता याव्या लागत नाहीत." उत्तर चोख होतं. पण चोख उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून शंका वाटते.

शब्दाला माहेर असतं आणि सासर असतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संस्कृत हे माहेर, मराठी हे सासर. सासरी येऊन शब्द बदलतो, घरच्यांसारखा वागायला लागतो, आणि मग लोकांना वाटतं तो जन्मापासून असाच. "सासरी काय करतो ते मला माहीत आहे. माहेरचं सांगा," असं म्हणून ते चष्मा काढायचे.

मराठी माणूस इथं हमखास आपटतो. इंग्रजी माध्यमातला एखादा वाचेल, कारण त्याला शब्दच माहीत नसतो. आपल्याला माहीत असतो, म्हणून आपण बुडतो. पाच क्लेशांमध्ये एक 'राग' आहे. वर्गातल्या एक काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, उत्साहानं उठून म्हणाल्या, "राग म्हणजे संताप. माझ्या मिस्टरांना फार आहे."

"मिस्टरांना असेल," सर म्हणाले. "शब्दाला नाही. राग म्हणजे रंग चढणं. एखादी गोष्ट आवडली, मन तिच्या रंगात बुडालं, आता ती सुटत नाही. ओढ. तुमच्या मिस्टरांना ज्याची ओढ आहे ते मिळत नसेल, म्हणून ते चिडत असतील. बसा."

त्या दिवसापासून काकू 'राग' झाल्या. सरांना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायची नसायची. ज्याचा जो शब्द चुकला तो त्याच्या नावाला चिकटला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका बिचाऱ्यानं 'शौच' या नियमाचा अर्थ सांगताना सकाळच्या वेळेचं महत्त्व सांगितलं होतं. "शौच म्हणजे शुचिता. स्वच्छता. अंगाची आणि मनाचीही," सरांनी सांगितलं, आणि मग वर्षभर भर वर्गात हाक, "शौच, पंखा लावा."

माझा एकही शब्द चुकला नव्हता. त्यामुळे मला नाव नव्हतं. मला ते 'आपण' म्हणायचे. "आपण सांगा." बाकीच्यांना यात मान दिसायचा. मला अंतर दिसायचं.

याला कारण होतं. पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाचं आडनाव विचारलं. नाव नाही, आडनाव. प्रत्येक आडनावानंतर त्यांनी काहीतरी विचारलं, कुठले, कोकणातले की देशावरचे, अमक्या शाळेत अमके होते ते तुमचे कोण. मी माझं आडनाव सांगितलं. सर म्हणाले, "हं." आणि पुढे सरकले.

त्या 'हं'वर आमच्या घरी आठवडाभर चर्चा झाली. आम्ही विश्रांतवाडीला राहतो. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मी पेठेत संस्कृत शब्द शिकायला जाते याचं आईला कौतुक होतं, वडिलांना नव्हतं.

"हं म्हणजे नुसतं हं असेल," आई म्हणाली. "माणसाला खोकला येतो, उचकी येते, तसं हं येतं."

"नुसतं हं कधी नसतं," वडील म्हणाले.

संशयी स्वभाव माझ्याकडे कुणाकडून आला हे यावरून कळेल.

आता या सगळ्याचं मला एवढं का लागावं? तर मला ते प्रमाणपत्र हवं होतं, आणि शब्दांची तोंडी परीक्षा सर घेणार होते. त्यात नापास झालेल्याला प्रमाणपत्र नाही, असा नियम होता, आणि सर लोकांना खरोखर नापास करतात अशी ख्याती होती. माझी कंपनीतली नोकरी गेलेली. पाठीच्या दुखण्यानं मी अंथरुणाला खिळले होते तिथून योगानं उठले, म्हणून हाच मार्ग धरलेला. कसबा पेठेत एका डॉक्टरीणबाईंचं फिजिओथेरपीचं केंद्र आहे. तिथं म्हाताऱ्या माणसांना योग शिकवायला माणूस हवं होतं. बाईंनी माझं शिकवणं पाहिलं आणि म्हणाल्या, "जागा तुमचीच. फक्त प्रमाणपत्र आणा." चाळिशीत नव्यानं उभं राहायची ती एकच संधी होती माझ्यापुढे. आणि तिची किल्ली होती चष्मा काढून बोलणाऱ्या या माणसाच्या खिशात.

एकदा सरांनी 'शिक्षा' शब्द काढला. सगळा वर्ग एकसुरात म्हणाला, दंड. सरांनी नकारार्थी मान हलवली आणि चष्मा काढला. "आपण?"

"शिकणं," मी म्हटलं. "नियम शिकून अंगी बाणवणं."

"कुठून कळलं?"

"घरी रोज म्हणतो आम्ही. पंचशील. त्यात पालीतलं 'सिक्खापद' येतं."

सरांनी हातातला खडू फिरवला. "पाली," म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे शब्दाचं आजोळ." आणि फळ्याकडे वळले.

हे कौतुक होतं की टोमणा? मी बसमध्ये विचार करत आले. घरी सांगितलं तर आई खूश झाली. "आजोळ म्हणाले ना? मग चांगलंच की. आजोळी लाड होतात."

"लाड होतात," वडील पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "हिस्सा मिळत नाही."

मग ती पेढ्याची गोष्ट झाली. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला त्या आनंदात मी वर्गात पेढे नेले. सगळ्यांनी बॉक्समधून उचलले. सरांच्या पुढे बॉक्स धरला. त्यांचा हात वर आला. मी नीट पाहिलं, हात वर आला होता. मग तो तिथंच थांबला, आणि सर म्हणाले, "ठेवा तिथं." मी टेबलावर कागद पसरून पेढा ठेवला. तास संपला, सर गेले. पुढच्या तासाला आलो तेव्हा पेढा तिथंच होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. सरांनी पट्टीनं कागद ढकलत ढकलत कचऱ्याच्या डब्यात पाडला, हात झटकले आणि 'अपरिग्रह' शिकवायला सुरुवात केली.

"अगं, उपास असेल त्यांचा," रागकाकू मला म्हणाल्या. काकू मनानं चांगल्या. घरी येऊन मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. पेढे नेले त्या दिवशी एकादशी होती खरी. पण एकादशीला पेढा चालतो, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

"आपल्याला काय कळतंय त्यांच्या उपासातलं," आई म्हणाली. "आपण कुठं करतो?"

मधुमेह असेल, अशी मीच मग सरांच्या बाजूनं समजूत काढली. ती पुढच्याच महिन्यात मोडली. काकूंना नातू झाला आणि त्यांनी बर्फी आणली. सरांनी वडी उचलली, मोडली, दोन्ही तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "वेलदोडा आहे." मी समोर बसले होते. वेलदोड्याचा अर्थ लावत बसले.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळतच ठेवली म्हणा ना. ते कुणाच्या बाटलीतलं पाणी पितात, कुणाचं पेन घेतात, माझी वही तपासताना कुठं धरतात. अशी पाळत ठेवणं लाजिरवाणं असतं. आपण लहान होत जातो. शब्दांच्या तासाला अर्थ ऐकायचे सोडून मी बोटं बघत बसायची. आणि घरी येऊन पुन्हा रात्री पुस्तक उघडून तेच शब्द पाठ करायची, कारण या माणसाला मला नापास करायला एकही सबब मिळू द्यायची नाही, हे मी ठरवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुद्दाम चिवडा नेला. खरं सांगते, फराळ म्हणून नाही, परीक्षा म्हणून नेला. डबा सरांपुढे धरला. त्यांनी या वेळी थांबू दिलं नाही हाताला. मूठभर घेतला. भिंतीकडे तोंड करून, उभ्यानंच, औषध घ्यावं तसा तो सगळा खाल्ला. "मीठ जास्त झालंय," म्हणाले.

झालं. आता काय समजायचं? पेढा खाल्ला नाही, चिवडा खाल्ला. बर्फी चवीनं, चिवडा औषधासारखा. घरी दोन तट पडले. आई म्हणाली, "बघ, खाल्ला ना?" वडील म्हणाले, "मीठ जास्त नव्हतं."

सरांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या बाईलाही मान्य करावी लागायची. शब्दाच्या बाबतीत ते कुणाची भीड ठेवायचे नाहीत. संस्थेच्या प्रमुख मॅडमनी जिन्यात मोठी पाटी लावली होती, त्यात 'योगाची अस्मिता जपू या' असं वाक्य होतं. सर पाटीखाली उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अस्मिता हा पाच क्लेशांतला दुसरा. मी, मी, मी. आणि या तो जपायला सांगतायत. उद्या खोकला जपू या असं लिहितील." मॅडम तिथंच होत्या. पाटी दुसऱ्या दिवशी काढली गेली. मॅडम सरांना घाबरायच्या असं नाही, पण सर बरोबर असायचे, आणि चूक ठरण्यापेक्षा नोकरी गेलेली सरांना चालली असती. अर्थ बरोबर असला की तो कुणाच्याही तोंडून आला तरी बरोबरच, असं ते म्हणायचे. म्हणायला काय, सगळेच म्हणतात.

तोंडी परीक्षेच्या दिवशी खोलीत सर आणि मॅडम दोघे होते. मॅडम गुण मांडणार, सर विचारणार. मी बसले. सरांनी चष्मा खिशात ठेवला.

पहिले शब्द मी धडाधड सांगितले. तप, स्वाध्याय, प्रत्याहार. सर नुसते मान हलवत होते. मग म्हणाले, "संस्कार."

हा शब्द सासरी फार सुखात आहे. मराठीत संस्कार म्हटलं की चांगलेच असतात. घरचे संस्कार, आईचे संस्कार, मुलांचे संस्कार वर्ग. वाईट असले तर ते आपण संस्कारच मानत नाही. माझ्या आधीचे सगळे तिथंच घसरले असणार.

"केलेल्या, पाहिलेल्या गोष्टींचा चित्तावर उरलेला ठसा," मी म्हटलं. "चांगला किंवा वाईट. तो आपल्याला दिसत नाही, पण पुढची कृती तोच करवतो."

"उदाहरण?"

पुस्तकातलं उदाहरण मला पाठ होतं. हिंगाच्या डबीतला हिंग संपला तरी वास राहतो, ते. तोंडाशी आलंही होतं. ते सांगितलं असतं तर पास झाले असते, घरी गेले असते. पण वर्षभर बोटं बघून मी थकले होते. मला ते आता बाहेर काढून टाकायचं होतं, मग काय व्हायचं ते होवो.

"मी पेढे आणले होते, सर," मी म्हटलं. "तुमचा हात पेढ्याकडे आला आणि थांबला. तुम्ही थांबवला असं मला नाही वाटत. तो थांबला. तो संस्कार."

खालचा दवाखाना नेमका तेव्हा शांत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, असं काय बोलताय? परीक्षा आहे ही. दुसरं काहीतरी द्या उदाहरण. लहानपणीचं वगैरे, चांगलं."

मॅडम मला वाचवत होत्या, हे मला कळत होतं. कसब्यातली खोली, तिथल्या खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण आता दुसरं उदाहरण मला आठवेचना.

"बोलू द्या त्यांना," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "हात थांबला. बुद्धीला माहीत होतं का?"

"असेल. बुद्धी खा म्हणत असेल. पण ठसा बुद्धीच्या आधीचा असतो. त्याला विचारावं लागत नाही."

"तो जातो कशानं?"

"समजल्यानं जात नाही. उलट कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. नवा ठसा बसेपर्यंत."

"त्याला काय म्हणतात?"

"अभ्यास." शब्द तोंडातून गेल्यावर मला ते सुचलं आणि मी म्हणून टाकलं, "चिवडा हा अभ्यास होता, सर."

सरांनी खिशात हात घातला. चष्मा काढला, पुसला, आणि डोळ्यांवर चढवला. उत्तर चालू असताना त्यांनी चष्मा लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले नव्हते, चेहरा बदलला नव्हता. तसलं काही मी सांगणार नाही, कारण ते झालं नाही. मला वाटतं, एका बाजूला त्यांची सगळ्या जन्माची अब्रू होती आणि दुसऱ्या बाजूला एका शब्दाचा अर्थ. नुसतं 'उपास होता' म्हणाले असते तरी मॅडमनी मान हलवली असती. 'उदाहरण चूक आहे' म्हणाले असते तर मी नापास झाले असते, आणि ते सुटले असते.

"उदाहरण अचूक आहे," सर मॅडमना म्हणाले. "पूर्ण गुण लिहा." मॅडम लिहीनात तेव्हा म्हणाले, "लिहा. पुढचा शब्द, संतोष."

मी संतोषाचा अर्थ सांगितला. काय सांगितलं ते आठवत नाही. बरोबर सांगितला असणार, कारण त्याचेही पूर्ण गुण मिळाले.

बाहेर आल्यावर काकू आणि बाकीचे विचारत होते, मी हसून पास म्हटलं आणि जिना उतरले. आनंद व्हायला हवा होता. वर्षभर मी या माणसाचा संशय घेतला, पाळत ठेवली, पुरावे गोळा केले, घरात वाद घातले. आणि जिन्यात मला कळलं की हे सगळं करताना मी एकाच गोष्टीची वाट पाहत होते. कधीतरी, कशावरून तरी, मी चूक ठरावं. त्या खोलीत त्यांनी मला नापास केलं असतं, 'चूक, बाई, साफ चूक, पेढा मला आवडतच नाही' म्हणाले असते, तर मी नोकरीवर पाणी सोडून विश्वास ठेवला असता. त्यांनी पूर्ण गुण दिले.

दवाखान्याच्या दाराशी उभी राहून मी घरी फोन लावला. आईनं उचलला. "पास," मी म्हटलं.

"बघ," आई म्हणाली. तिचा आवाज आनंदानं चिरकला होता. "मी म्हणत होते की नाही? त्या बिचाऱ्याच्या मनात तसलं काही नव्हतं. तूच उगाच संशय घेत होतीस."

"हो," मी म्हटलं. "उगाचच."